कपोतपालिका, चबुतरा आणि कबुतरखाना : एका नामसाम्याची चिकित्सा

(१) प्रश्नाचें स्वरूप

इ. स. २०२५ च्या जुलै महिन्याच्या आरंभीं महाराष्ट्राच्या विधानपरिषदेंत मुंबईंतील कबुतरखाने बंद करण्याची घोषणा झाली. शहरांत असे ५१ कबुतरखाने आहेत असा आंकडा त्या वेळीं देण्यांत आला. पुढें दादर येथील कबुतरखाना ताडपत्रीनें झांकण्यांत आला आणि ऑगस्टच्या ६ तारखेस जमावानें ती ताडपत्री फाडली. प्रकरण उच्च न्यायालयापुढें होतेंच. न्यायालयानें लोकांच्या आरोग्याचा प्रश्न अग्रभागीं ठेवला.

या वादाचा निवाडा करणें हें या पत्रिकेचें काम नव्हे, व प्रस्तुत लेखकाचेंही नव्हे. परंतु वादाच्या भरांत दोन्ही पक्षांनीं इतिहासास साक्षीस बोलाविलें, आणि तेथें आमचें काम सुरू होतें. एक पक्ष म्हणतो, कबुतरखाना ही या देशाची पुरातन संस्था आहे. संस्कृत नाटकांत व काव्यांत ती पदोपदीं आढळते. दुसरा पक्ष म्हणतो, हें सर्व अलीकडचें थोतांड असून त्यास मागचा कांहींच आधार नाहीं. साधनें तपासून पाहतां दोन्ही विधानें टिकत नाहींत. दोहोंच्या मुळाशीं एकच चूक आहे : तीन निरनिराळ्या वस्तूंस एकाच नांवानें ओळखण्याची.

ही चूक दाखवितांना लेखकास दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाहीं. संस्कृताचें अध्यापन करीत असतां बरींच वर्षें 'कपोतपालिका' या शब्दाचा अर्थ मीं मुलांस 'कबुतरखाना' असाच सांगितला. चेंबूर व आसपासचीं तीं मुलें. त्यांच्या डोळ्यांपुढें लगेच दादर उभें राहत असे, आणि अर्थ समजला म्हणून शिक्षकही समाधान मानीत असे. तो अर्थ चुकीचा होता. त्यांतील कांहीं विद्यार्थी आज या वादांत एका बाजूस आहेत, कांहीं दुसऱ्या. दोघांनींही 'शाळेंत शिकलों होतों' असा मला आधार दिला, तेव्हां ही चिकित्सा लिहून काढणें हें माझें कर्तव्य ठरलें.

चेंबुरास राहणाऱ्या माणसास नामसाम्याचा मोह नवा नाहीं. कान्हेरीच्या लेखांतील 'चेमुल' म्हणजे आमचें चेंबूरच, असें म्हणावयास आम्हांस कोणास आवडणार नाहीं? तसें मत मांडलेंही गेलें आहे. परंतु बहुतेक अभ्यासक चेमुल म्हणजे चौल असेंच धरतात, आणि गांवाचा अभिमान बाजूस ठेवून तें मान्य करावें लागतें. तोच न्याय येथेंही लावला पाहिजे.

(२) संस्कृत वाङ्मयाची साक्ष

प्रथम शब्द घेऊं. अमरकोशाच्या द्वितीय कांडांतील पुरवर्गांत 'कपोतपालिका' व 'विटंक' हे परस्परांचे पर्याय म्हणून दिले आहेत. कोशांत शब्दाचा अर्थ जितका महत्त्वाचा, तितकाच त्याचा शेजार महत्त्वाचा असतो. या शब्दांच्या आधीं गोपानसी व वलभी हे शब्द येतात, म्हणजे छपराचीं वांकडीं लांकडें. आणि लगेच नंतर द्वाराचे पर्याय येतात. घोड्यांच्या पागेचा शब्द मात्र याच वर्गांत शालांच्या ओळींत, स्वतंत्र वास्तु म्हणून आला आहे. अमरसिंहाच्या दृष्टीनें कपोतपालिका ही पागेसारखी स्वतंत्र इमारत असती, तर तो शब्द त्या ओळींत पडला असता. तो छप्पर आणि दार यांच्या मध्यें पडला आहे, यावरून ती घराचाच एक अवयव होती हें उघड होतें. वाड्याच्या वरच्या अंगास पांखरांस बसण्यासाठीं लांकडाची वगैरे केलेली जागा, असाच अर्थ टीकाकारही करतात.

शब्दाची फोडही हेंच सांगते. 'पालि' म्हणजे कड, धार, ओळ. कानाच्या पाळीस 'पाळी' म्हणतात ती हीच. कपोतपालि म्हणजे कबुतरें बसतात ती कड. आम्हीं मात्र 'पालिका' म्हटल्याबरोबर 'पाळणें' या धातूकडे धांव घेतली आणि 'कबुतरें पाळण्याची जागा' असा अर्थ केला. 'महानगरपालिका' हा शब्द रोज कानांवर पडणाऱ्या वाचकास ही फोड आणखीच सोपी वाटते. परंतु सोपी फोड ती खरी फोड असा नियम नाहीं.

शिल्पशास्त्रांत या शब्दाचा पुढचा प्रवास दिसतो. देवळाच्या अधिष्ठानावर अथवा भिंतीच्या माथ्यावर जी बाहेर झुकलेली, गोलसर कड असते तिला 'कपोत' अथवा 'कपोतपाली' म्हणतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील प्रासादलक्षणाच्या अध्यायांत मजल्याच्या उंचीविषयीं मय व विश्वकर्मा यांचीं निरनिराळीं मापें दिलीं आहेत : एकाचें १०८ अंगुळें, दुसऱ्याचें साडेतीन हात, म्हणजे ८४ अंगुळें. या दोहोंचा मेळ घालतांना वराहमिहिर असें मत नोंदवितो कीं, कमी मापांत कपोतपालीची उंची मिळविली म्हणजे दोन्ही सारखीं होतात. म्हणजे त्याच्या काळीं हा शब्द गवंड्याच्या हिशेबांतला झाला होता. त्याचा कबुतराशीं संबंध केवळ आकाराचा वा नांवापुरता उरला होता. आपल्या जवळच अंबरनाथास शके ९८२ (इ. स. १०६०) चें शिलाहारकालीन देवालय आहे. त्याच्या पीठावरचे थर पाहतांना वाचकांनीं ही कड अवश्य पाहावी. तेथें एकाही पारव्याच्या निवासाची सोय कारागिरानें मुद्दाम केलेली नाहीं.

आतां काव्यनाटकें. मेघदूतांत उज्जयिनीच्या वर्णनांत मेघानें रात्र काढावयाची ती पारवे झोंपलेल्या वलभीवर. मालविकाग्निमित्रांत उन्हाच्या वर्णनांत तापलेलें छप्पर नकोसें झालेले पारवे येतात. दोन्ही ठिकाणीं पारवे आपण होऊन घराच्या छपरास राहिले आहेत; कोणी त्यांस ठेवलेलें नाहीं. मृच्छकटिकांत मात्र दोन निराळीं चित्रें आहेत, आणि तीं निराळींच ठेवलीं पाहिजेत. चौथ्या अंकांत विदूषक वसंतसेनेच्या वाड्याचे एकामागून एक चौक पाहतो. त्यांतील सातव्या चौकांत पक्ष्यांची वाडी आहे, तेथें पारव्यांच्या जोड्या सुखानें बसल्या आहेत, पोपट-मैना पिंजऱ्यांत आहेत. हा खरा पाळीव पक्ष्यांचा संग्रह होय, आणि तो नगरींतील अत्यंत श्रीमंत घरीं आहे. पांचव्या अंकांत दारिद्र्य आलेल्या चारुदत्ताच्या बागेंत विदूषकाच्या अंगावर कोणी ढेकूळ मारतें. तें पारव्याचें काम समजून तो काठी उगारून धांवतो, आणि चारुदत्त त्यास आवरून म्हणतो कीं बिचारा आपल्या सखीजवळ बसला आहे, बसूं दे. हा पारवा चारुदत्तानें पाळलेला नाहीं. तो त्याच्या घरास राहिलेला आहे. 'कबुतरखाना' हा एकच प्रतिशब्द दोन्ही ठिकाणीं घातला कीं धनवंताची हौस व दरिद्र्याची दया यांतील भेद पुसून जातो, आणि तो भेद तर नाटककारानें मुद्दाम ठेवला आहे.

पाळलेल्या कबुतरांचा सर्वांत भक्कम पुरावा काव्यांत नसून अर्थशास्त्रांत आहे. दुसऱ्या अधिकरणांत विवीताध्यक्षाच्या, म्हणजे कुरणांवरील अधिकाऱ्याच्या, कामांत असें सांगितलें आहे कीं शत्रूची अथवा आटविकांची हालचाल दिसल्यास ती बातमी मुद्रा बांधलेल्या गृहकपोतांकडून, अथवा धूर व अग्नि यांच्या मालिकेनें, राजास पोंचवावी. (हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं १९०९ त प्रसिद्धीस आणला, मुंबई विद्यापीठानें प्रो. कंगले यांची चिकित्सित आवृत्ति १९६० त काढली.) 'गृहकपोत' या शब्दांत बराच अर्थ सांठला आहे. निरोप्या कबुतर ज्या ठिकाणीं वाढलें त्याच ठिकाणीं परततें. तेव्हां राजवाड्यांत पिढ्यान् पिढ्या कबुतरें वाढविण्याची जागा होती, त्यांस सीमेपर्यंत नेण्याची व्यवस्था होती, आणि त्यांची राखण करणारे सेवक होते, असें अनुमान यावरून निघतें. प्राचीन भारतांत कबुतरांचें खरें घर होतें. पण तें पुण्यासाठीं नव्हतें, राजकारणासाठीं होतें.

राहिली धर्माची गोष्ट. येथेंही साक्ष एकपदरी नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १६५ वें सूक्त घरांत शिरलेल्या कपोतास निर्ऋतीचा दूत मानून त्यापासून कल्याण मागतें, आणि आश्वलायन गृह्यसूत्रांत अशा प्रसंगाची शांति आहे. महाभारतांत शिबि राजा कपोतासाठीं आपलें मांस तोडून देतो, आणि शांतिपर्वांतील कपोत तर अतिथीसाठीं स्वतःच अग्नींत उडी घेतो. भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंत कपोत आठवा आहे. परंतु तो अनुकरणासाठीं नव्हे, कुटुंबाच्या अति आसक्तीनें जीव जाळ्यांत सांपडतो हें पाहून सावध होण्यासाठीं. नाथांनीं १५७३ त काशींत पूर्ण केलेल्या टीकेमुळें ही कथा मराठी घराघरांत पोंचली आहे. एवढ्या सर्व सामग्रींतून जो कोणी 'आमच्या धर्मांत कपोत असा' म्हणून एकच वाक्य काढील, त्यानें उरलेलीं पानें वाचलीं नाहींत असें समजावें.

(३) जहागिरींवरील खरे कपोतगृह

ज्यास निःसंशय कबुतरांचें घर म्हणतां येईल अशी वास्तु कशी असते, हें पाहावयास देशाबाहेर जाणें सोयीचें पडतें, कारण तेथें तिचे अवशेष मोठ्या संख्येनें उभे आहेत. रोमन ग्रंथकार वारो यानें शेतीवरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत कपोतगृहाची रचना दिली असून एकेका गृहांत पांच हजारपर्यंत पक्षी असत असें म्हटलें आहे. इंग्लंडांत बेडफर्ड परगण्यांतील विलिंग्टन येथें जॉन गॉस्टविक या सरदारानें १५४१ च्या सुमारास बांधलेलें दगडी कपोतगृह आहे. त्यांत सुमारें १,५०० घरट्यांचे खण आहेत. गॉस्टविकचा वाडा नामशेष झाला. कपोतगृह व तबेला मात्र उभे राहिले आणि पुढें ते तेथील राष्ट्रीय न्यासाकडे आले. मालकाचें घर जावें आणि त्याच्या पांखरांचें घर राहावें, हा प्रकार अशा जहागिरींवर विरळा नाहीं. शेतीची रीत पालटली, हिवाळ्यांत गुरांस चारा मिळूं लागला व ताज्या मांसासाठीं पारव्यांच्या पिलांवर अवलंबून राहण्याची गरज सरली, तेव्हां हीं गृहें ओस पडलीं.

या वास्तूंस एक दुसरी बाजू आहे, ती विसरतां कामा नये. फ्रान्सांत मोठें कपोतगृह बाळगणें हा जमीनदाराचा विशेषाधिकार होता. पक्षी जमीनदाराचे, आणि ते दाणे टिपणार कुळाच्या शेतांतले! कुळानें त्यांस मारावयाचें नाहीं. हा जाच इतका होता कीं १७८९ च्या ऑगस्टच्या ४ तारखेच्या रात्रीं सरंजामी हक्क रद्द करण्याचें ठरलें, त्यांत कपोतगृहाचा हक्क नांवानिशीं रद्द झाला. इराणांत इस्फाहानभोंवतीं याच्या उलट दिसतें. तेथें शेतांमळ्यांत कच्च्या विटांचे उंच बुरूज बांधीत, आंत शेंकडों खण ठेवीत. हेतु मांस नव्हे, तर विष्ठेचें खत. तें टरबुजांच्या मळ्यांस घालीत. सतराव्या शतकांतील प्रवासी शार्दें यानें त्या नगराभोंवतीं असे तीन हजारांवर बुरूज असल्याचें लिहिलें आहे. आज त्यांतील बहुतेक पडले आहेत.

मांस असो, खत असो, वा निरोप असो : या सर्व वास्तूंत तीन गोष्टी समान आहेत. पक्ष्यास घरटें करावयास खण आहे. पक्ष्यांची संख्या मालकाच्या ताब्यांत आहे. आणि पक्ष्यापासून होणारा लाभ व त्रास कोणाच्या पदरीं पडतो हें ठरलेलें आहे, मग तें न्याय्य असो वा अन्याय्य.

(४) मोंगल दरबार व गुजराथचा चबुतरा

'कबुतरखाना' हा शब्द फारसी, आणि त्या शब्दाचें खरें घर मोंगल दरबारांत आहे. आईन-इ-अकबरींत अबुल फजल यानें कबुतरबाजीस स्वतंत्र प्रकरण दिलें असून बादशहाजवळ वीस हजारांवर कबुतरें होतीं व त्यांतील ५०० खास होतीं असें नमूद केलें आहे. मुक्काम हालला कीं कबुतरांचीं घरेंही बरोबर वाहून नेत. पिलखाना, तोफखाना, फरासखाना यांप्रमाणें 'खाना' म्हणजे सेवक, जमाखर्च व जबाबदारी असलेला एक कारखाना. रस्त्यांतील दाणे टाकण्याच्या जागेस 'खाना' म्हणणें त्या काळच्या कारकुनास विचित्र वाटलें असतें.

गुजराथी 'चबुतरो' ही तिसरीच वस्तु. अहमदाबादच्या पोळींत हे उंच खांबावरचे, वर मंडपीसारखे नक्षीदार बांधकाम अजून पाहावयास मिळतें. वर दाणा-पाणी ठेवितात. मांजरकुत्र्यांपासून पक्षी सुरक्षित राहतात. मराठींत 'चबुतरा' म्हणजे नुसता ओटा. पुतळ्याखालचा असो वा पारावरचा. 'चबुतरा' व 'कबुतर' यांचा ध्वनि इतका जवळचा आहे कीं एक दुसऱ्यापासून निघाला असें पुष्कळांस वाटतें. मराठी कागदांत जेथें 'चबुतरा' आढळेल तेथें ओटा हाच अर्थ घ्यावा. केवळ आवाजाच्या साम्यावरून तेथें पांखरें आणूं नयेत. जुन्या कागदांच्या संग्राहकांस ही सूचना विशेष उपयोगी पडेल.

(५) मुंबईचा कबुतरखाना

आतां दादरकडे वळूं. तेथील वास्तु १९३३ ची. दुसऱ्या श्रेणीची वारसा-वास्तु म्हणून तिची गणना झाली आहे. वर्तुळाकार जागा, मध्यें कारंजें, भोंवतीं कठडा : एवढेंच तिचें स्वरूप. मूळ बांधकाम पाण्याच्या कारंज्याचें. दाणे टाकण्याची चाल तेथें वाढली. कोटांतील मोठ्या टपाल कचेरीजवळचा कबुतरखानाही मूळची पाणपोईच. म्हणजे दोन्ही ठिकाणीं बांधणाऱ्याच्या मनांत प्रथम पाणी होतें. तहानेल्या माणसांची व जनावरांची सोय करणें हा मुंबईच्या दानशूर व्यापाऱ्यांचा जुना परिपाठ, आणि तो आदरणीय आहे.

वर सांगितलेल्या तीन कसोट्या येथें लावून पाहाव्या. पहिली : या कबुतरखान्यांत कबुतराचें घर नाहीं. एकही खण नाहीं, एकही घरटें नाहीं. पक्षी येथें जेवतात आणि भोंवतालच्या लोकांच्या घरीं राहतात. आमच्या चेंबुरांत जुन्या कौलारू घरांच्या जागीं इमारती झाल्या. प्रत्येक सज्जाला, प्रत्येक वातानुकूलन-यंत्राच्या पाठीमागें कपोतपालि आपोआप तयार झाली आहे, आणि रहिवाशांनीं ती जाळ्या लावून बंद केली आहे. अमरसिंहाचा 'विटंक' आज चेंबुरांत पाहावयाचा तर त्या जाळीमागें पाहावा. दुसरी : पक्ष्यांच्या संख्येवर कोणाचा ताबा नाहीं; दाणा जितका, तितकी संख्या. तिसरी : लाभ दाणे टाकणाऱ्याच्या पुण्याचा, त्रास शेजाऱ्याच्या फुप्फुसाचा. पारव्यांच्या सहवासांत राहणाऱ्यांस होणारा फुप्फुसाचा दाह वैद्यकाच्या नियतकालिकांत १९६५ पासून वर्णिलेला आहे. ती कोणाची कल्पना नव्हे. फ्रान्सांतील कुळाचे दाणे जात होते, येथें श्वास जातो, एवढाच फरक. इस्फाहानांत जी विष्ठा शेतकऱ्याचें धन होती, ती येथें कोणाचेंच धन नाहीं.

यावरून दाणे टाकणारे लोक निर्दय किंवा ढोंगी ठरत नाहींत. पांखरांस अन्न घालणें ही चाल निःसंशय प्राचीन आहे. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञांत गृहस्थानें कुत्र्यांस, पक्ष्यांस, किड्यामुंग्यांस अन्नाचा भाग हळूच भूमीवर ठेवावा असें मनु सांगतो. म्हणून 'या चालीस मागें कांहींच आधार नाहीं' हें दुसऱ्या पक्षाचें विधानही खोटें आहे. परंतु तो बलि गृहस्थाच्या स्वतःच्या दाराशीं, स्वतःच्या शिजलेल्या अन्नांतून, मुठीच्या मापाचा आहे. गोण्यांच्या मापाचें दान दुसऱ्याच्या खिडकीखालीं करावें, असें त्यांत कोठेंही नाहीं. याच शहरांतील पांजरपोळ पाहावी. १८३४ त सर जमशेटजी जिजीभाई व गुजराथी व्यापारी यांनीं ती स्थापिली. तेथें जनावरांस छप्पर आहे, व्यवस्था आहे, जमाखर्च आहे. जीवदयेचें घर कसें असावें याचा नमुना हवा असेल तर तो इतका जवळ असतां लोक दादरचें कारंजें पुढें करितात, हें आश्चर्य आहे.

वारशाविषयींही एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १९३३ चें कारंजें राखणें आणि तेथें दाणे टाकूं देणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जो कारंज्याचें रक्षण करूं पाहतो त्यानें दाण्याचा वाद त्यांत ओढूं नये. आणि जो दाणे बंद करूं पाहतो त्यानें कारंजें मोडण्याची भाषा करूं नये. शिवाय विष्ठेंतील आम्लानें दगड व धातु झिजतात, तेव्हां वास्तूचा वारसा राखण्याचा युक्तिवाद दाण्यांच्या बाजूनें करणें हें स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेण्यासारखें आहे.

(६) पडक्या वास्तूंची पारख

येथपर्यंतचा वाद शहरांतला झाला. परंतु या नामसाम्यानें खेड्यापाड्यांतील संशोधनाचेंही नुकसान होत आहे, आणि या पत्रिकेच्या वाचकांस तें अधिक जवळचें वाटेल. पडकी गढी किंवा वाडा पाहावयास गेलें कीं भिंतींत ओळीनें भोकें दिसतात. बरोबरचा माणूस 'हा कबुतरखाना' म्हणतो. आणि आपण वहींत तसें लिहून घेतों. तरुणपणीं एका गढीच्या टिपणांत मींही असेंच लिहिलें होतें. पुढें दुसऱ्यांदा जाऊन भोकांत काठी घातली, ती भिंतीच्या पलीकडे निघाली! तीं परांचीचीं भोकें होतीं. गवंड्यानें बांधकामाच्या वेळीं आडवे वासे घालण्यासाठीं ठेवलेलीं व मागाहून बुजवावयाचीं राहिलेलीं. तें टिपण मीं फाडून टाकलें नाहीं. चूक कशी होते हें आठवावें म्हणून तसेंच ठेवलें आहे.

म्हणून कांहीं कसोट्या सुचवितों. भोंक आरपार असेल व सर्व भोकें ठराविक उंचीवर समांतर ओळींत असतील, तर प्रथम परांचीचा विचार करावा. आरपार असून आंतून रुंद व बाहेरून अरुंद, खालीं झुकलेलें असेल, तर ती बंदुकीची जंगी होय. कोनाडा असून त्याच्या माथ्यावर काजळी असेल, तर ती दिव्याची देवळी. कोनाडा हाताच्या उंचीवर असून आंत फळीच्या खांचा असतील, तर तें कपाट. कबुतराच्या खणाचीं लक्षणें याहून निराळीं : तोंड लहान, सुमारें वीतभर; आंत जागा मोठी, पक्ष्यास वळतां येईल व अंडीं कडेस ठेवतां येतील अशी; खालचे खण जमिनीपासून बरेच वर, म्हणजे उंदीर-मुंगसांस पोंचतां येणार नाहीं असे; सर्व खण वास्तूच्या आंतल्या बाजूस; आणि पक्ष्यांस ये-जा करावयास छपराजवळ एकच झरोका. हीं सर्व लक्षणें एकत्र मिळालीं तरच 'कपोतगृह' म्हणावें. एकादें मिळालें तर नुसतें 'कोनाडे' म्हणून माप घ्यावें व चित्र काढावें. नांव मागाहून देतां येतें, पडलेल्या भिंतीचें माप मागाहून घेतां येत नाहीं.

कागदांची साक्ष याहून मोलाची. ज्यांच्या संग्रहीं सरदारांचीं किंवा इनामदारांचीं दप्तरें आहेत त्यांनीं रोजकीर्दींत दाण्याच्या खर्चाकडे लक्ष द्यावें. कबुतरांच्या नांवें रोजचा दाणा, राखणाऱ्याचा रोजमुरा, जाळीची अथवा खणांची दुरुस्ती, बाहेरून आणविलेल्या जोड्यांची किंमत, अशा नोंदी एकाच घरच्या कीर्दींत मिळाल्या, तर तेथें कबुतरांचें घर होतें असें निःशंकपणें म्हणतां येईल; मग त्याची एक वीटही शिल्लक नसेना. उलट भिंतींत शंभर भोकें असलीं आणि कीर्दींत दाण्याचा एक शेरही नसला, तर त्या भोकांत आपण होऊन पांखरें बसवूं नयेत.

(७) निष्कर्ष

तात्पर्य असें. कपोतपालिका म्हणजे घराची कड; तेथें पारवा आपण होऊन राहतो. गृहकपोतांचें स्थान, मोंगलांचा कबुतरखाना व परदेशच्या जहागिरींवरील कपोतगृह हीं पक्ष्यांचीं खरीं घरें. तेथें मालक पक्ष्यास ठेवतो आणि त्याचा हिशेब राखतो. गुजराथचा चबुतरा व मुंबईचा कबुतरखाना या दाणापाण्याच्या जागा. त्यांतही चबुतरा उंचावर बांधून योजलेला, आणि मुंबईचा कबुतरखाना कारंज्याभोंवतीं न योजतां वाढलेला. पहिल्याचें प्राचीनत्व तिसऱ्यास देतां येत नाहीं, आणि तिसऱ्याचा दोष पहिल्यावर लादतां येत नाहीं.

ज्या जुन्या विद्यार्थ्यांनीं माझा आधार दिला त्यांस दोघांसही मीं हेंच कळविलें आहे, कीं शाळेंत सांगितलेला अर्थ परत घेतों. एकानें विचारलें, 'मग सर, चारुदत्त कोणाच्या बाजूचा?' मीं उत्तर दिलें कीं चारुदत्तानें पारव्यास मारूं दिलें नाहीं, हें खरें. परंतु तो पारवा त्याच्या स्वतःच्या छपराला होता. दयेचा खर्च त्यानें शेजाऱ्याच्या नांवें टाकला नाहीं.

असो. ज्यांस या विषयावरील कागद, माप अथवा चित्र उपलब्ध असेल त्यांनीं तें प्रसिद्ध करावें, आणि प्रस्तुत लेखांत कांहीं प्रमाद आढळल्यास तो निःसंकोच दाखवावा, ही विनंती. एक चूक सुधारावयास इतकीं वर्षें लागलीं. दुसरी तरी लवकर सुधारावी अशी इच्छा आहे.